नाचण्यांचं अनुमोदन

गंगाधरपंत नाचणे यांनी आयुष्यात एकही सूचना मांडली नव्हती. सूचना दुसरे मांडत. पंत अनुमोदन देत. प्रभादेवीला त्यांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टचा विषय असो की पाण्याच्या टाकीचा, ठराव वाचून झाला की सेक्रेटरी चष्म्यावरून कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघत, खुर्चीतून बारीक खाकरणं ऐकू येई आणि पाठोपाठ शब्द येई, "अनुमोदन." एकदा एका शोकसभेत वक्त्यांनी "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या" असं म्हटल्यावरही पंतांच्या तोंडून तो शब्द निसटला होता. मृताच्या मेहुण्यानं तेव्हा त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती आठवून पंत अजून मध्येच अंग चोरतात.

यात लबाडी नव्हती. पंतांना स्वतःची मतं होती, नको तितकी होती. सगळा जन्म पुस्तकं वाचण्यात आणि सिनेमे बघण्यात गेल्यावर दुसरं काय होणार? पण मत ओठांपर्यंत आलं की त्यांना वाटे, हे चुकीचं असलं तर? आणि बरोबर असलं तर आणखीच पंचाईत, कारण मग कोणीतरी विचारणार, "का?" त्या एका अक्षराला पंत घाबरत. अनुमोदन देणाऱ्याला कोणी 'का' विचारत नाही. त्याचं नाव इतिवृत्तात सूचकाच्या खाली लहानशा अक्षरात येतं आणि सगळे चहाला जातात.

तर असे हे पंत दादरच्या सिनेरसिक मंडळाचे सभासद होते. वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा मंडळ भरे. सभासद वीसेक, येणारे पंधरा, जागे राहणारे पाच. मंडळाचं दैवत एकच, थोर जपानी दिग्दर्शक किन्जी ओनोदेरा. यंदा त्यांची जन्मशताब्दी. ती साजरी करायची कशी, यावर सभा बसली होती.

"स्तुती काय, कोणीही करील!" अवधूत कर्णिक गरजले. हे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या आवाजाला माइकची गरज नव्हती, तरी माइक ते सोडत नसत. "पुण्याच्या मंडळानं ओनोदेरांचे दहा श्रेष्ठ चित्रपट निवडले. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, झालं! आपण मुंबईकर आहोत. आपण त्यांचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवू. अधिकृतपणे. ठराव करून!"

टाळ्या पडल्या. पुण्याच्या विरुद्ध काही करायचं म्हटलं की मंडळात एरवी झोपणारेही टाळ्या वाजवत.

"एक मिनिट," अध्यक्ष राजाराम जाधव म्हणाले. हे परळचे. कामगार न्यायालयात जन्मभर वकिली केलेले, आणि मंडळाची घटना त्यांनी स्वतः लिहिलेली. "'वाईट' चालणार नाही. शताब्दी आहे. माणूस गेलेला आहे. संसदीय शब्द हवा."

मग शब्दावर चर्चा झाली. 'निकृष्ट' कर्णिकांना हवा होता, तो बांधकामाचा शब्द वाटतो म्हणून पडला. 'दुर्बळ'ला 'घटक' चिकटून येतो म्हणून तोही गेला. 'कच्चा' म्हटल्यावर कोणालातरी भूक आठवली आणि बटाटेवडे आले. वड्यांच्या तंद्रीत 'हलका' हा शब्द सर्वानुमते संमत झाला. याच सुमारास पंतांच्या चष्म्यावर चटणी उडाली. ते चष्मा पुसू लागले. पंतांचं असं की, चष्मा काढला की त्यांना ऐकूही कमी येतं.

"...हा ओनोदेरांचा सर्वांत हलका चित्रपट म्हणून मंडळानं जाहीर करावा, अशी मी सूचना मांडतो," कर्णिक कुठेतरी धुक्यात म्हणाले.

"अनुमोदन?"

"अनुमोदन," पंत म्हणाले. चष्मा चढवून त्यांनी शेजारच्यांना हळूच विचारलं, "कुठला हो?"

"'शेजारचा रेडिओ'."

पंतांच्या हातातला वडा तसाच राहिला.

'शेजारचा रेडिओ' हा पंतांचा सगळ्यात आवडता चित्रपट होता. ओनोदेरांचाच नव्हे, सगळ्या जगातला. तरुणपणी कुठल्याशा महोत्सवात, जवळजवळ रिकाम्या थिएटरात त्यांनी तो पाहिला होता. त्यात एक म्हातारा मास्तर आहे. शेजारच्या घरातला रेडिओ फार मोठ्यानं वाजतो. तो जरा हळू करा, एवढं सांगायला मास्तर शेजारच्या दाराशी जातात, हात उचलतात आणि परत येतात. अडीच तास. एवढंच. लोक मध्यंतरात उठून गेले होते. पंत मात्र शेवटी दिवे लागल्यावरही बसून होते, आणि झाडूवाल्यानं पाय वर घ्यायला सांगितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपला रुमाल ओला झालाय. पुढे जिथे लागेल तिथे एकटेच जाऊन त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, पण ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. तिनं 'का' विचारलं असतं.

आणि आता तोच चित्रपट त्यांनी, स्वतःच्या तोंडानं, हलका ठरवला होता.

रात्रभर तळमळून पंतांनी सकाळी राजाराम जाधवांना फोन केला. फोन करण्याआधी काय बोलायचं ते त्यांनी तीनदा मनाशी घोकलं, आणि जाधवांनी "हॅलो" म्हणताच ते सगळं विसरले.

"जाधवसाहेब, ते अनुमोदन... मागे घेता येईल का?"

"येईल की," जाधव म्हणाले. पंतांचा जीव भांड्यात पडला. "लेखी अर्ज द्यायचा. फक्त त्या अर्जाला एक अनुमोदक लागेल."

"मी आहेच की," पंत सवयीनं म्हणाले.

"नाचणे, स्वतःच्या अर्जाला स्वतः अनुमोदन देता येत नाही. कलम चौदा. शिवाय कलम पंधरा बघा. ठराव शताब्दीच्या जाहीर सभेत मताला जाईल, आणि तिथे सूचक आणि अनुमोदक दोघांनी ठरावाच्या बाजूनं भाषण करायचं आहे. दहा दहा मिनिटं. तुमचं नाव पत्रिकेत छापायला गेलंय."

पंतांनी फोन ठेवला आणि अनुमोदक शोधायला सुरुवात केली. मंडळातल्या एकेकाला त्यांनी गाठलं. एकानं आनंदानं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "तुम्ही अनुमोदन देत असाल तर मी सूचना मांडतो ना!" दुसरे म्हणाले, "कर्णिकांशी वैर नको हो, ते माझ्या नातवाची शिकवणी घेतात." तिसऱ्यांनी विचारलं, "पण मागे का घेताय?" इथे पंत "काही नाही, सहज" म्हणून घरी आले.

घरी सुनेत्राबाई भाजी निवडत होत्या. पंतांचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "परत लिफ्टचं काही झालं का?"

"दादरला भाषण करायचंय."

सुनेत्राबाईंच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. बातमी तासाभरात तळमजल्यापर्यंत गेली, कारण मधल्या मजल्यावर बकुळाताई राहतात. बकुळाताई माहेरच्या मालवणकडच्या, लालबागला वाढलेल्या, आणि इमारतीच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. त्या वर आल्या आणि पदर खोचून बसल्या.

"भावजी, सरळ ताप इलो म्हणून सांगा. माझे मिस्टर गिरणीत युनियनची सभा असली की तापच आणायचे. कांदा बगलेत धरायचा."

"बगलेत कांदा धरून ताप येत नाही, बकुळाताई," पंत क्षीणपणे म्हणाले.

"येत नसेल. पण वासानं लोक जवळ येत नाहीत ना!"

समोरच्या ब्लॉकमधला उन्मेषही आला. हा जाहिरातीच्या कंपनीत होता. त्याला जगातल्या प्रत्येक संकटात एक पोस्टर दिसत असे.

"काका, टेन्शन कशाला घेताय? तुमचं स्पीच म्हणजे इव्हेंट आहे! मी क्रिएटिव्ह बनवतो. पूर्ण बिल्डिंगला फॉरवर्ड मारतो."

"उन्मेष, नको रे."

"अहो काका, चिल. तुम्ही फक्त बोला, क्राउड आणायचं माझ्याकडे लागलं."

पंतांना 'क्राउड' नकोच होता. पण तसं सांगायचं म्हणजे मत मांडणं आलं. ते गप्प बसले, आणि पंतांचं गप्प बसणं म्हणजे अनुमोदन हे इमारतीत सर्वांना ठाऊक होतं. संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर पोस्टर आलं. वर चेरीची फुलं, मध्ये एक हसरे जपानी गृहस्थ आणि खाली जाड अक्षरांत: 'किन्जी ओनोदेरा यांचा सर्वांत हलका चित्रपट! वक्ते: गंगाधर नाचणे. अवश्य या!'

मंडळानं संसदीय म्हणून निवडलेला 'हलका' इमारतीत पोचेपर्यंत हलकाफुलका झाला होता.

ठरल्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर मंडळाच्या इतिहासात झाली नव्हती एवढी गर्दी झाली. बकुळाताईंचं पूर्ण भजनी मंडळ आलं होतं, डब्यातून चकल्या घेऊन. सुनेत्राबाई त्यांच्यात मागच्या रांगेत. त्यांच्यातल्या कोणाची तरी दोन नातवंडं पुढे जमिनीवर बसून "पिक्चर कधी?" असं विचारत होती. मंडळाचे सभासद ही जनता बघून बावरले आणि एका बाजूला दाटीवाटीनं बसले. कर्णिक मात्र खुलले. एवढे कान त्यांना वर्ग सुटल्यापासून मिळाले नव्हते.

टेबलावर उन्मेषनं आणलेला ओनोदेरांचा फोटो होता. जाधवांनी हार घातला, समई लावली आणि मग फोटोकडे नीट बघितलं.

"हे ओनोदेरा नाहीत."

"सर, नेटवर ओनोदेरा टाकलं तर हेच आले," उन्मेष म्हणाला. त्यानं फोन चाळला. "हां... हे ओसाकातले डेंटिस्ट आहेत."

सभेत कुजबुज झाली. जाधवांनी हात वर केला. "हार घातला गेलेला आहे. घातलेला हार काढण्याची तरतूद घटनेत नाही. सभा सुरू करू." आणि शताब्दीचा पूर्ण सोहळा ते दंतवैद्य समईच्या उजेडात शुभ्र दात दाखवत बघत राहिले.

कर्णिक उभे राहिले. "मित्रहो! अडीच तास! अडीच तासांत एक दार वाजत नाही! मास्तर जातात, हात उचलतात, परत येतात. जातात, हात उचलतात, परत येतात. मी विचारतो, ही कला आहे की कवायत?"

भजनी मंडळ खो खो हसलं. "मग? मग काय होतं?" बकुळाताईंनी मागून विचारलं.

"काही होत नाही, बाई! तोच माझा मुद्दा आहे!"

पंत पुढच्या रांगेत बसून ऐकत होते, आणि सगळ्यात वाईट हे की त्यांना कर्णिकांचं पटत होतं. खरंच काही होत नाही. कॅमेराही एकाच जागी. संगीत नाही, रेडिओचंच काय ते. कदाचित आपणच मूर्ख असू. तरुणपणी, रिकाम्या थिएटरात, माणसाला काहीही आवडतं. पंतांच्या खिशात भाषणाचा कागद होता. त्यात त्यांनी चित्रपटाचे दोष व्यवस्थित, क्रमानं लिहिले होते. ते वाचायचे, खाली बसायचं, ठराव संमत होईल, चकल्या मिळतील.

"आता अनुमोदक, श्री. गंगाधर नाचणे."

पंत उठले. माइक कर्णिकांच्या उंचीचा होता; तो खाली करायचा कसा हे न कळल्यानं पंत टाचा उंचावून उभे राहिले. कागद उघडला. पहिलं वाक्य होतं, 'या चित्रपटात दार वाजत नाही.'

"या चित्रपटात," पंत म्हणाले, "दार..."

थांबले. समोर दीडशे डोळे. सुनेत्राबाईंनी चकली तोंडाशी नेऊन थांबवलेली. पंतांना मास्तर दिसले, दाराशी, हात उचलून उभे. आपण या माणसाला परत एकदा दारावरूनच माघारी पाठवतोय, असं काहीसं त्यांच्या मनात आलं, आणि ते विचारानं नव्हे, नुसत्या टाचा दुखू लागल्यामुळे असेल, पण खाली पाय टेकून, माइकच्या खालून, म्हणाले:

"अध्यक्षमहाराज, मला उपसूचना मांडायची आहे."

झोपलेले दोन सभासद जागे झाले. कर्णिकांनी बोट कानात घालून हलवलं.

"कोणी मांडली?" जाधवांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही? नाचणे, तुम्ही?" जाधवांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, ते खाली पडलं, त्यांनी वाकून उचललं. "मांडा."

"ठरावात 'सर्वांत हलका' असं आहे. त्या जागी..." पंतांचा आवाज चिरकला. "त्या जागी 'मला सर्वांत आवडणारा' असं घालावं."

"मला म्हणजे कोणाला? मंडळाला 'मला' नसतो."

"मग 'नाचणे यांना' असं घाला," पंत म्हणाले, आणि स्वतःच घाबरले.

"का?" कर्णिक ओरडले.

आलाच तो शब्द. पंतांनी डोळे मिटले. "ते मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण मी खूप वेळा पाहिलाय. दर वेळी वाटतं, आता वाजवतील."

कोणीच हसलं नाही. जाधवांनी उपसूचना लिहून घेतली आणि सवयीनं विचारलं, "अनुमोदन?"

आणि सवयीनंच सगळी माडी पंतांकडे बघू लागली.

पंतांनीही तोंड उघडलं होतं. पण कलम चौदा आठवून मिटलं. जाधवांनी दुसऱ्यांदा विचारलं. सभासदांनी पंख्याकडे, बुटांकडे, दंतवैद्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मंडळात अनुमोदन म्हणजे नाचणे असं इतकं पक्कं झालं होतं की दुसऱ्या कोणाला तो शब्द उच्चारताच येईना.

"तिसऱ्यांदा विचारतो. नाहीतर उपसूचना रद्द होईल."

"माझं अनुमोदन!" मागच्या रांगेतून आवाज आला. सुनेत्राबाई उभ्या होत्या, हातात चकली.

"वहिनी, तुम्ही सभासद नाही."

"मग करा सभासद! इतकी वर्षं यांचा डबा मी भरतेय, मंडळाचे वडे कमी पडले तर थालीपीठं माझी येतात. सभासद व्हायला आणखी काय लागतं?"

"एक सूचक," जाधव म्हणाले. "आणि एक अनुमोदक."

"सूचक मी," पंत म्हणाले. एकाच दिवसात दुसरी सूचना! बकुळाताईंनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. "बघ गो, भावजींना वारो लागलो."

"नवऱ्यानं बायकोचं नाव सुचवणं हितसंबंधात येतं का?" कोणीतरी शंका काढली. जाधवांनी घटना चाळली. या बाबतीत घटना गप्प होती. पण अनुमोदक? पुन्हा पंखा, बूट, दंतवैद्य.

"अनुमोदन!"

आवाज कर्णिकांचा होता. सगळे वळले. कर्णिक लाल झाले होते. "बघता काय? मी वादाला उभा राहिलोय! समोर विरोधकच नसेल तर ही सभा आहे की माझी शिकवणी? घ्या वहिनींना. आणि मग मतदान करा, मी हरवतो दोघांनाही!"

त्यांनी शब्द पाळला. सुनेत्राबाई सभासद झाल्या, त्यांनी अनुमोदन दिलं, उपसूचना मताला टाकली गेली. बाजूनं दोन. विरुद्ध बाकीचे सगळे. भजनी मंडळानं हात वर केले होते, पण ते मोजता आले नाहीत. 'शेजारचा रेडिओ' हा किन्जी ओनोदेरा यांचा सर्वांत हलका चित्रपट म्हणून मुंबईत अधिकृतपणे जाहीर झाला. टाळ्या झाल्या. चकल्या वाटल्या गेल्या. पंतांना तीन मिळाल्या.

घरी चालत जाताना पोर्तुगीज चर्चपाशी पंतांनी हळूच विचारलं, "तू पाहिला आहेस का गं तो चित्रपट?"

"छे. कुठला हो?"

"मग न बघताच अनुमोदन दिलंस?"

"तुम्ही जन्मभर काय केलंत?" सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडायला त्यांचा दंड धरला. "पण आता दाखवा मला. एवढे लोक हसले कशाला, ते तरी बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्मेषनं टीव्हीवर कुठून तरी चित्रपट लावून दिला आणि पहिल्या पाच मिनिटांत "काका, ऑफिसचा कॉल आहे" म्हणून पळाला. दोघं सोफ्यावर बसले. मास्तर दाराशी गेले, हात उचलला, परत आले. पंत पडद्याकडे कमी आणि बायकोकडे जास्त बघत होते. तिनं जांभई दिली की त्यांना कर्णिक आठवत. मास्तर पुन्हा गेले. परत आले. सुनेत्राबाईंनी पाय वर घेतले.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "कर्णिकांचं काही चूक नव्हतं. रटाळ आहे हो फार."

पंतांच्या तोंडात तो शब्द तयार होता. नेहमीचा. त्यांनी तो गिळला.

"गप्प बस," ते म्हणाले. "पुढे बघ."

लग्नाला इतकी वर्षं झाली. सुनेत्राबाईंना हे कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. काहीतरी सणसणीत बोलणार होत्या, पण पंतांचं लक्षच नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते, गुडघे घट्ट धरून. मग त्याही बघू लागल्या. खालच्या गल्लीत भाजीवाला ओरडून गेला. कुकरची शिट्टी व्हायची ती झाली, कोणी उठलं नाही. मास्तर आणखी एकदा निघाले. या खेपेला त्यांनी टोपी घातली होती. अंगण ओलांडलं. पायरी चढले. रेडिओ वाजतच होता. त्यांनी हात उचलला आणि तो हात दारापासून वीतभर अंतरावर थांबला. थांबलाच.

सुनेत्राबाई सोफ्याच्या कडेला सरकल्या. मग उभ्या राहिल्या. पदर मुठीत.

"वाजव रे मेल्या," त्या टीव्हीला म्हणाल्या. "वाजव!"